मांत्रिकाच्या झग्याला खिसा

तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय लागली की माणूस मोजकं बोलायला शिकतो, आणि ओठ न हलवता हसायलाही. कपडेपटातल्या बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत ते त्यामुळेच. नाटकगृहाच्या तळघरात, रंगमंचाच्या बरोबर खाली, त्यांची लांबट खोली होती. वर कोणी चाललं की छतातून बारीक धूळ गळायची, आणि ती कुठे गळते यावरून बाई सांगायच्या: राजा आला, राक्षस अजून विंगेतच रेंगाळतोय. खोलीला एकच खिडकी, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत. आयुष्यभर बाईंनी जगाचे फक्त पाय पाहिले होते, तरी जगाबद्दल त्यांचं मत वाईट नव्हतं.

कंपनी मुलांची नाटकं करायची. त्यांत बोलणाऱ्या विहिरी असत, रुसलेले डोंगर असत, आणि जादू करणारी माणसं तर पोत्याने. बाहेरच्याला ती सगळी एकाच माळेचे मणी वाटत. बाईंना ते खपायचं नाही.

"जादू कुठे ठेवलीय ते आधी सांगा," त्या टाचण्यांमधून म्हणायच्या, "मग मी कापडाला कात्री लावते."

जादूगाराची जादू खिशात. त्याच्या कोटाला वरून एकही खिसा दिसायचा नाही आणि आतून कोट म्हणजे नुसते खिसेच: बाहीत, पाठीत, अस्तराच्या आतल्या अस्तरात. खिसे उलटे केले की जादूगार संपला, म्हणून बिचारा सारखा हसत असतो, असं बाईंचं मत. मांत्रिकाची जादू तोंडात. त्याला खिसा म्हणजे माशाला पायमोजा. त्याच्या झग्याचा गळा मोकळा हवा, आणि बाह्यांच्या काठात शिशाच्या गोळ्या, मासे धरायच्या गळाला बांधतात तसल्या. म्हणजे हात शब्दाबरोबर वर जातो, शब्दाच्या आधी नाही. किमयागाराला कोणी काही दिलेलंच नसतं. तो भट्टीपाशी घाम गाळून जादू कमावतो. त्याच्या चामड्याच्या एप्रनला बाई तापल्या सळईने भोकं पाडायच्या आणि प्रत्येक भोकाला म्हणायच्या, "हा एक फसलेला प्रयोग." मायावीच्या कपड्याला उलटी बाजू नसायची, दोन्ही सुलट.

चेटकिणीवर बाईंचा जीव. "चेटकीण जन्माला येत नाही," त्या सांगायच्या. "गाव तिला त्या नावाने हाका मारत राहतं, आणि एक दिवस ती ओ देते." म्हणून तिचा झगा चिंध्यांचा, ज्याने ज्याने तिला दारातून हाकललं त्याच्या कपड्याचा एकेक तुकडा. त्यात एका कोपऱ्यात बाईंच्या स्वतःच्या लग्नातलं रेशीम होतं. ते तिथे का, असं कोणी विचारलं की बाई नवऱ्याकडे बघायच्या, आणि नवरा छताकडे.

एकच प्रकार बाईंना कधी शिवता आला नव्हता. सिद्ध. तो काही म्हणत नाही, काही करत नाही, कुठे काही लपवत नाही. नुसता बसून असतो आणि त्याच्या असण्याने वठल्या झाडाला पालवी फुटते. "अशाचं माप कशाचं घ्यायचं?" बाई करवादायच्या. एका जुन्या नाटकात सिद्ध होता तेव्हा त्यांनी त्याला सरळ पांघरूण गुंडाळून वर पाठवलं. टाळ्या पडल्या. पण ते पांघरूण बाईंच्या मनाला कायमचं टोचून राहिलं.

कंपनीत एक रीत होती. शेवटचा बंद कोणी स्वतः बांधायचा नाही. बाई पाठीमागे उभ्या राहायच्या, बंदाची दोन टोकं हातात धरायच्या आणि विचारायच्या, "कोण?" समोरच्याने स्वतःचं नाव सांगायचं नाही, तो काय आहे ते सांगायचं: "किमयागार." "चेटकीण." मग गाठ बसायची. नाही सांगितलं तर बाई वर सोडायच्या नाहीत. कंपनीचा सुतार एकदा राजा होता आणि चुकून म्हणाला, "अहो बाई, मीच की!" तेव्हा पहिला प्रवेश राजावाचून झाला.

बाईंच्या नवऱ्याने हे सगळे झगे वापरले होते. कंपनीत त्यांना दाढीमास्तर म्हणत. इतक्या खोट्या दाढ्या लावल्या होत्या की खरी दाढी हनुवटीवर यायला बिचकायची. आता कंपनी त्यांची लेक चालवत होती. हीच लेक एकेकाळी तालमी चालू असताना तळघरात कपड्यांच्या ढिगावर झोपून मोठी झालेली. यंदा तिने कंपनीचं जुनं पुराचं नाटक पुन्हा उभं करायला घेतलं. एक नदी शहरात घुसते आणि मांत्रिक तिला समजावून परत पाठवतो, असं ते नाटक. मांत्रिक अर्थातच मास्तर. पूर्वीही तेच होते.

पण मास्तरांचे शब्द हरवायला लागले होते.

आधी घरात कळलं. चहात साखर कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. "सरासरी बरोबर येते," असं म्हणून बाई पिऊन टाकायच्या. मग किल्लीला काय म्हणतात ते आठवेना, तर मास्तर म्हणाले, "अगं, ते कुलपाचं पिल्लू दे ना." बाई हसल्या. मास्तरही हसले, पण जरा उशिरा. आता तालमीत ते दुसऱ्या अंकातल्या मोठ्या मंत्रापाशी येऊन उभे राहायचे आणि पुढचं दार बंद असायचं.

एका दुपारी लेक तळघरात आली.

"आई, एक बोलू?"

"बोल की. टाचण्या माझ्या तोंडात आहेत, तुझ्या नाहीत."

"या वेळी सगळ्या जादूवाल्यांना एकसारखेच झगे शिवशील? काळे, वर चांदण्या."

बाईंनी मशीन थांबवलं. "सगळ्यांना?"

"हल्ली कोण फरक करतंय गं? मुलं सगळ्यांना जादूगारच म्हणतात."

"मुलं सगळ्या भाज्यांना 'नको' म्हणतात. म्हणून सगळ्या एकाच कढईत घालतेस?"

लेक हसली नाही. बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचल्या. "खरं काय ते सांग."

"झगे सारखे असले की ऐनवेळी कोणालाही कोणाच्या जागी उभं राहता येतं." लेक खिडकीतून जाणाऱ्या पायांकडे बघत होती. "सुताराला बाबांचं सगळं पाठ आहे, आई."

वर कोणीतरी चाललं. धूळ गळली.

"रंगीत तालमीला जमलं तर बाबाच," लेक म्हणाली. "नाही जमलं तर सुतार. रविवारी सगळं प्रेक्षागृह पोरांनी भरलेलं असेल. बाबा अडकले आणि पोरं हसली तर? मला नाही बघवणार."

"त्यांना सांगितलंस?"

"तू सांग ना."

"मी कपडे पोचवते. निरोप नाही."

लेक गेली, पण हात झटकून मोकळी होणाऱ्यांतली ती नव्हती. दोन-तीन दिवसांनी एक यंत्र घेऊन आली. कानात घालायची बारकी गोळी, तिच्यापासून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी. लेक विंगेतून बोलणार, मास्तरांच्या कानात ऐकू येणार. ते सांगताना तिचा चेहरा लहानपणीसारखा उजळला होता.

"फक्त डबीसाठी एक खिसा लागेल."

"मांत्रिकाला खिसा नसतो."

"आई."

"नसतो म्हणजे नसतो."

"आई, बाबांसाठी."

बाईंनी झगा पुढ्यात ओढला. मास्तरांसाठी त्यांनी या झग्यात आधीच बरंच काही केलं होतं. मास्तरांचे खांदे उतरलेत म्हणून कापड हलकं घेतलं होतं. बाह्यांतलं शिसं गाळलं होतं, म्हाताऱ्या दंडांना कशाला ओझं. पाठीवर बंदांऐवजी चेन लावली होती, उभं राहून ते दमतात म्हणून. आता डाव्या कुशीला त्यांनी खिसा शिवला. इतक्या वर्षांत मांत्रिकाला पहिला. शिवताना सुई बोटात गेली, आणि बाईंनी ते बोट तोंडात धरून खिशाकडे असं पाहिलं, जसं घरात न विचारता घुसलेल्या पाहुण्याकडे बघतात.

रंगीत तालमीच्या दिवशी घाई होती. लेकीनेच वडिलांना झगा चढवला, चेन सर्रकन वर गेली आणि मास्तर निघाले. बाईंच्या ओठांवरचा "कोण?" तिथेच राहिला. धरायला बंदच नव्हता.

तालीम बघायला बाई त्या दिवशी वर जाऊन विंगेत उभ्या राहिल्या. दुसरा अंक. निळं कापड दोन्हीकडून धरून हलवत होते, नदी शहरात शिरत होती. मास्तर मध्यभागी. मंत्राच्या पहिल्या ओळी आल्या. मग थांबल्या. विंगेतून लेक यंत्रात हळूच बोलली. आपल्याच कानात आपलीच लेक बोलतेय म्हणून मास्तर दचकले, आणि आवाज कुठून आला ते शोधायला त्यांचा हात वायरीवरून खाली खाली गेला.

हाताला खिसा सापडला.

बाईंनी पाहिलं, मास्तरांची पाठ ताठ झाली. चेहऱ्यावर हसू आलं, बाईंना पाठ असलेलं, जादूगाराचं. दोन बोटांनी त्यांनी डबी वायरीपासून सोडवून बाहेर काढली, डावीकडे दाखवली, उजवीकडे दाखवली, मुठीत घेऊन फुंकर मारली. मूठ उघडली तर रिकामी. कानातली वायर रुमाल ओढावा तशी सावकाश ओढून काढली. मग दोन पावलं नाचत गेले आणि किमयागार बनलेल्या सुताराच्या कानामागून डबी हजर केली. इतकं सफाईदार, की नदी धरणाऱ्यांनी कापड सोडून टाळ्या वाजवल्या. वरून दिवेवाल्याने शिट्टी मारली. मास्तर कमरेत वाकले.

वाकून वर आले तेव्हा त्यांना जमिनीवर पडलेली नदी दिसली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याच्या मागचा माणूस मात्र उठून गेला.

"काही चुकलं का गं?" त्यांनी विंगेत विचारलं, घरातल्या आवाजात.

"नाही बाबा," लेक म्हणाली. "छान केलंत."

थोड्या वेळाने ती खाली आली. डोळे पुसून आली होती, पण ते कळत होतंच. "सुताराचं माप घे," एवढंच म्हणाली.

सुतार मान खाली घालून उभा राहिला. "बाई, मला नको हो हे. मला दाढी चिकटवायला मास्तरांनी शिकवलंय."

"हात वर कर."

त्याने केला. मास्तरांचा झगा अंगावर होता, हात झटक्यात वर गेला.

"अरे, हळू! झेंडा लावतोयस का?"

"हलकाय ना बाई. आपोआप जातो."

बाईंच्या हातातली टेप तशीच राहिली. त्या हातांकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे दुपारचे मास्तरांचे हात आले. तसली गायब करायची करामत मास्तरांनी शेवटची केली तेव्हा लेक रांगत होती. तरी त्यातलं तसूभरही हरवलेलं नव्हतं. खिशाने जादूगाराला हाक मारली, आणि तो सगळा सरंजाम घेऊन आला. मग मांत्रिकाला हाक मारायला झग्यात काय होतं? जे होतं ते बाईंनीच काढून टाकलं होतं, एकेक करून, मायेपोटी.

"काढ तो झगा," त्या सुताराला म्हणाल्या. "आणि घरी जा. पण पाठांतर विसरू नकोस, मी अजून शहाणी ठरलेली नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी जुनी ट्रंक उघडली. पुराच्या नाटकातला पहिला झगा कसरीने खाल्ला होता, पण बाहीच्या काठात शिसं शेंगेतल्या दाण्यांसारखं जागच्या जागी होतं. मास्तर शेजारी स्टुलावर बसून सुयांत दोरा ओवून देत होते. ते त्यांना अजून नीट जमत होतं.

"काय करतेस?"

"चूक उसवतेय."

"मोठी आहे?"

"दोन बाह्या आणि एक खिसा."

मास्तरांनी आणखी एक सुई ओवली. "मला काढलंय ना?"

"अजून नाही."

"सुतार बरा आहे गं. फक्त मंत्र म्हणताना ठोकतो, फळीत खिळे ठोकावेत तसे." ती उशीत खोचून ते म्हणाले, "पोरं हसतील त्याची मला भीती नाही. पोरं हसायलाच येतात. पण मी अडकलो ना, की आपली लेक तिकडे विंगेत डोळे मिटून घेते. ते मला दिसतं."

बाईंनी दोरा दाताने तोडला.

रविवारी सकाळी, प्रयोगाच्या आधी, त्यांनी लेकीला खाली बोलावलं. "एकदा बघ. नाही पटलं तर सुतार, आणि मी तोंडातून टाचणी काढून एक शब्द बोलणार नाही." लेक कपड्यांच्या ढिगावर बसली, जागा तीच. बाईंनी मास्तरांना झगा चढवला. शिशाने बाह्या खाली ओढल्या, खांदे त्यांच्याबरोबर खाली गेले आणि मान आपसूक वर आली. पाठीवर चेन नव्हती. बाईंनी बंदाची दोन टोकं धरली.

"कोण?"

 खिडकीतून कोणाचे तरी पाय गेले. बाईंनी टोकं सोडली नाहीत.

"मांत्रिक," मास्तर म्हणाले.

गाठ बसली. हात वर जायला लागले, जड, सावकाश, आणि त्या जडपणाच्या चालीने शब्द आले. "पाण्या, थांब. तुझं पहिलं नाव थेंब होतं, ते मला ठाऊक आहे. ज्या दगडाने तुला पहिल्यांदा अडवलं, त्यालाही मी ओळखतो. तू शहरात आलास, पण तुला इथे कोणी नावाने बोलावत नाही..." आवाज खोल होत गेला. मग एका ठिकाणी थांबला. हात वरच होते, शिसं त्यांना खाली ओढत होतं.

"परत जा," ढिगावरून लेक म्हणाली, "डोंगर दार उघडं ठेवून बसलाय."

आपण मोठ्याने बोललो हे तिलाही कळलं नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे बघावं तसं, आणि ती ओळ तिला परत दिली. पुढचं सगळं आलं.

"तुला कुठून येतं हे?" नंतर त्यांनी विचारलं.

"इथूनच," लेक ढिगावर हात ठेवून म्हणाली. "झोपेत ऐकलंय सगळं."

मग ती उठली आणि सुताराला सांगायला गेली, की बाबा रे, तुझी भट्टी तुला परत. सुताराने तिथल्या तिथे उडी मारली म्हणतात. यंत्राची डबी तिने टेबलावरच ठेवली. नदीचं एक टोक धरणाऱ्या मुलीला म्हणाली, "आज ते मी धरते."

प्रयोग बाईंनी नेहमीसारखा खालून पाहिला, म्हणजे धूळ पाहिली. वर पोरांचा कल्ला समुद्रासारखा चालू होता. दुसऱ्या अंकात नदीचे पाय दोन्हीकडून धावले, छत बारीक पाझरलं. मग मध्यभागी एक जड पाऊल पडलं, धूळ सरळ रेघेत खाली आली. मास्तर. शब्द खाली पोचत नव्हते, पण चाल पोचत होती. बाईंच्या हातात फाटकं अस्तर होतं, त्यात सुई टोचलेली.

चाल थांबली. वरचा कल्लाही थांबला. धूळ गळायची थांबली. बाईंना आपल्या मशीनचा दिवा गुणगुणतोय ते ऐकू आलं, जे कधी येत नसे. कोणी हसलं तर ते पहिलं हसू कुठल्या रांगेतून येईल, याचा त्या अंदाज घेत राहिल्या. कोणी हसलं नाही. निळ्या कापडाच्या टोकाशी एक हलकं पाऊल पुढे सरकलं, एवढीशी धूळ पडली. आणि मास्तरांची चाल पुन्हा सुरू झाली. पुढे आणखी एकदा तसंच झालं. मग नदीचे पाय मागे मागे पळत गेले, अख्ख्या छतातून धूळ कोसळली, आणि पोरं जे ओरडली ते ऐकायला छत असून नसल्यासारखं होतं.

मास्तर खाली आले ते घामाने निथळत. बाई मागे जाऊन गाठ सोडायला लागल्या.

"दोनदा अडकलो," ते म्हणाले. "दोन्ही वेळा पाणीच बोललं. मी तेच पाण्याला परत म्हटलं. एका पोरीने शेवटी विचारलं, मांत्रिक आधी पाण्याचं ऐकतो का?"

"काय सांगितलंत?"

"ऐकतो म्हटलं. खोटं आहे?"

"आणि लेक?" बाईंनी विचारलं. "डोळे मिटले?"

"नदी होती ना आज. नदीला कुठे मिटता येतात?" मास्तरांनी बाहीचा काठ चाचपला, आतल्या गोळ्या एकेक करून सरकवल्या. "किती पुरेल गं हे शिसं?"

"बाजारात हवं तेवढं मिळतं."

"तसं नाही म्हणत मी."

"कळलं मला."

वर पोरं बाहेर पडत होती. खिडकीतून असंख्य छोटे पाय गेले, त्यातले बरेच उलटे चालत, नदीसारखे. बाईंनी झगा मास्तरांच्या अंगावरून उतरवला, खुंटीला टांगला, बाह्या सरळ केल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ते पुरेनासं झालं, तर तुम्हाला सिद्ध करेन."

"त्याचं माप येत नाही ना तुला?"

"येईल आता. बघतेय."

"करायचं काय असतं त्यात?"

"काही नाही. बसायचं. तुम्ही असलात की बाकीचं होतं."

मास्तरांनी विचार केला. स्टूल ओढून बसून पाहिलं, गुडघ्यांवर हात ठेवून, अगदी सिद्धासारखं. थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "आणि खिसा?"

"सिद्धाला कसला खिसा?"

 मास्तर नुसते बघत बसले. बाईंनी टाचण्या उशीतून उचलून ओठांत धरल्या, टेप गळ्यात टाकली आणि त्यांच्या खांद्याचं माप घ्यायला वाकल्या.

"एक देईन," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या. "बिस्किटापुरता."